सागवान आणि लोखंडी खिळे

प्रश्न : महाल भागातल्या आमच्या जुन्या सागवानी दाराचे लोखंडी खिळे अजून शाबूत आहेत. मुंबईची जुनी जहाजं याचसाठी सागवानाची बनत का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : हे त्यामागचं एक कारण नक्कीच. रंधा मारताना साग हाताला तेलकट लागतो. ते तेल लोखंड जपतं. विलायती ओकमधलं आम्ल मात्र खिळे खातं. आम्हा फिटर लोकांना लाकडाचा हा गुण फार पटतो! लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. साग मलबारचा, आपल्या गडचिरोलीतल्या आलापल्लीचा नव्हे (वाईट वाटून घेऊ नका). या घराण्याचं १८१७ चं लढाऊ जहाज ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. पुढे लोखंडी जहाजं आली, तसा सुतारापेक्षा रिव्हेट (लोखंडी पत्रे जोडणारे खिळे) ठोकणाऱ्याला भाव आला.