छोट्या कॉलेजात कोचिंग सुरू करतोयस तर आधी जॉन गलार्डी बघ

अरे मस्त, डिव्हिजन थ्रीत, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, फुटबॉलचा असिस्टंट कोच म्हणून लागलास, सुरुवातीला याहून चांगली जागा नाही. फक्त पोरांना पळवून पळवून दमवलं की टीम तयार होते हे डोक्यातून काढ.

अमेरिकन फुटबॉलचा कोच जॉन गलार्डी, त्याचं करिअर नीट बघ. मोंटानातल्या कॅरोल कॉलेजला चार सीझन, मग 1953 ते 2012 मिनेसोटात सेंट जॉन्सला, एकूण 489 विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये कुठल्याच कोचचे एवढे नाहीत. आणि त्याच्या प्रॅक्टिसला टॅकलिंग, म्हणजे धडक देऊन पाडणं, बंद, शिट्टी नाही, साधारण दीड तासात सगळे घरी, पोरं त्याला कोच न म्हणता सरळ जॉन म्हणायची. वॉर्मअपला पाठीवर आडवं पडून आज हवा किती छान आहे असं एकमेकांना सांगायचं, हाही एक ड्रिल होता, खरंच!

लोकांना हे लाड वाटतात, मला अजिबात नाही वाटत. डिव्हिजन थ्रीत खेळावर स्कॉलरशिप देता येत नाही, पोरगं आवडीने येतं आणि कंटाळलं की सोडून जातं, शिवाय बुधवारी प्रॅक्टिसमध्ये गुडघा गेला तर शनिवारी खेळवणार कोणाला? धडका वाचल्या की तो वेळ तेच तेच प्ले, म्हणजे ठरवलेल्या चाली, घोटायला मिळतो.

आणि घाई करू नकोस, त्याची नॅशनल टायटल्स 1963, 1965, 1976 आणि मग थेट 2003. आत्ता हेड कोचकडून मागच्या सीझनचे व्हिडिओ माग आणि प्रत्येक पोराचं नाव पाठ कर.