चंगाई, बरे होणे आणि ‘आध्यात्मिक उपचार’ नावाचा घोळ

एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, प्रार्थनासभेच्या पत्रकासाठी त्यांनी ‘आध्यात्मिक चंगाई व मार्गदर्शन’ असे शब्द योजले होते. परंतु त्यांच्या मंडळीतील एका जाणत्या गृहस्थांनी ‘चंगाई हा शब्द मराठी नव्हे’ असे सांगून त्याऐवजी ‘आध्यात्मिक उपचार’ लिहायला सांगितले. यांपैकी योग्य शब्द कोणता, ‘मार्गदर्शन’ पुरेसे आहे का, आणि ‘चंगाई’वर अनुस्वार द्यावा की ‘न’ जोडून लिहावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

‘आध्यात्मिक उपचार’ प्रथम निकालात काढतो, कारण हा शब्दप्रयोग ऐकून ऐकून कान किटले आहेत. उपचार हे साधन आहे आणि बरे होणे हे फळ आहे. वैद्य उपचार करतो; रोगी त्याने बरा होतो किंवा होत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात रक्तस्रावाने 12 वर्षे पीडलेल्या स्त्रीची हकिकत आहे. तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसले, जवळचे सर्व काही खर्चून टाकले आणि गुण येण्याऐवजी दुखणे अधिकच बळावले, असे मार्क स्पष्ट लिहितो. म्हणजे तिच्यावर उपचार भरपूर झाले होते; झाले नव्हते ते एवढेच, की ती बरी झाली नव्हती. गर्दीत येशूच्या वस्त्राला हात लावल्यावर तिच्या बाबतीत जे घडले त्याला ‘उपचार’ म्हणणे, म्हणजे ज्याने तिला 12 वर्षे नागवले त्याचेच नाव तिच्या सुटकेला देणे होय. शिवाय, प्रार्थना करणारा मनुष्य औषधही घेत असतो. त्याच्या तोंडी हे दोन शब्द वेगळे राहिले तर कोणत्या गोष्टीविषयी बोलणे चालले आहे ते ऐकणाऱ्याला तरी कळते.

येथे ग्रीक जाणणारे कोणीतरी हात वर करणार, याची मला कल्पना आहे. शुभवर्तमानांत येशूच्या रोगी बरे करण्याला जी क्रियापदे येतात त्यांत ‘थेराप्युओ’ हे एक आहे आणि त्याचा मूळ अर्थ सेवा करणे, परिचर्या करणे असाच आहे. आपल्या ‘उपचार’ शब्दाचीही घडण तीच: उप आणि चर्, म्हणजे जवळ वावरणे, सेवेत असणे. म्हणूनच रोग्याचेही उपचार असतात आणि देवाचेही षोडशोपचार असतात. साम्य इतके नेमके आहे की मोह व्हावा. परंतु शब्दाचा जन्म आणि शब्दाचा संसार या दोन गोष्टी आहेत. रोग्यांच्या संदर्भात शुभवर्तमानकारांनी हे क्रियापद ‘बरे केले’ या सिद्ध अर्थाने वापरले आहे, ‘मलमपट्टी केली’ या अर्थाने नव्हे. त्याचा जुना, षोडशोपचारांच्या जवळचा अर्थ पाहायचा असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा 17वा अध्याय उघडावा. तेथे अथेन्समध्ये पौल सांगतो की, देवाला माणसांच्या हातून सेवा करून घेण्याची गरज नाही, आणि ग्रीक क्रियापद तेच आहे. हा दाखला मंडळीतील जाणत्या गृहस्थांना जरूर दाखवावा. तो त्यांच्या बाजूचा नाही.

आता ‘चंगाई’. हा शब्द मराठी ख्रिस्ती बोलण्यात हिंदी बायबलातून आणि हिंदी प्रवचनांतून आला, हे खरे आहे. हिंदीत रोगी ‘चंगा’ होतो. मराठीत तो ‘बरा’ होतो. परंतु ‘आला हिंदीतून’ आणि ‘मराठी नव्हे’ या दोन विधानांत जे अंतर आहे ते आमच्या शुद्धिवाद्यांना कधीच दिसत नाही. ‘आई’ हा प्रत्यय आपल्याला परका नाही. महागाई, धिटाई, नवलाई, दांडगाई हे शब्द आपण कोणाची परवानगी न घेता वापरतो. आणि ‘चंग’ तर आपल्या घरातलाच आहे. प्राकृतातील ‘चंग’ मराठीत ‘चांग’ झाला. जुन्या मराठीत तो एकटा वावरत असे, चांगदेवांच्या नावात आणि ‘चांगभले’ या गजरात तो अजून तसाच उभा आहे, आणि ‘ला’ जोडून घेऊन ‘चांगला’ या रूपाने तो दिवसातून शंभर वेळा आपल्या तोंडी येतो. तेव्हा ‘चंगाई’चे अस्सल मराठी रूप करायचेच म्हटले तर ते ‘चांगुलपणा’ होईल. दोघी सख्ख्या मावसबहिणी आहेत. एकीचे लग्न आरोग्याच्या घरात झाले, दुसरीचे नीतीच्या.

संस्कृत कोशांतही ‘चङ्ग’ सापडतो, असे सांगून काही जण हा शब्द थेट देववाणीच्या पदरात टाकतात. संस्कृत कोशात दिसला की शब्द संस्कृतातून निघाला, ही समजूत मराठी शब्दचर्चेचा जुनाट आजार आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने ‘चंग’ आपल्या देशी शब्दांच्या संग्रहात घेतला आहे, म्हणजे संस्कृतावरून ज्यांची सरळ व्युत्पत्ती लावता येत नाही अशा शब्दांत. आणि त्याने दिलेला अर्थ तर ऐका: चारु, सुंदर! निरोगी नव्हे आणि सज्जनही नव्हे, तर सुंदर.

येथे माझ्या आवडत्या मताकडे आल्यावाचून मला राहवत नाही. मराठीत प्रकृतीसाठी जो दुसरा शब्द आहे, ‘बरा’, त्याचेही असेच आहे. त्याचा संबंध ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ, निवडक या शब्दाशी लावतात, आणि त्याचाच भाऊ ‘बरवा’ हा जुन्या मराठीत सुंदर या अर्थाने येतो. ‘तो हा विठ्ठल बरवा’ या चरणात विठ्ठलाची प्रकृती ठीक असल्याची वार्ता नाही, त्याच्या रूपाचे वर्णन आहे. म्हणजे हिंदीचा ‘चंगा’ आणि मराठीचा ‘बरा’ हे दोन्ही शब्द आरोग्याच्या दारी सौंदर्याच्या वाटेने पोहोचलेले दिसतात. पुढे ‘बरा’ फार घसरला, हे मान्य केले पाहिजे. ‘मुलगा कसा आहे?’ याला ‘बरा आहे’ असे उत्तर आले तर सोयरीक मोडते. दुखणाइताविषयी मात्र तेच उत्तर आनंदाचे ठरते. परंतु मूळ अर्थाचा सुगंध गेलेला नाही.

आता ग्रीककडे पाहावे. मार्काच्या 16व्या अध्यायात, विश्वास ठेवणारे दुखणाइतांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील, असे वचन आहे. हिंदी बायबलात तेथे ‘चंगे हो जाएँगे’ असे आहे. मूळ ग्रीक शब्द आहेत ‘कालोस हेक्सुसिन’. अक्षरशः पाहिले तर ‘ते सुंदर रीतीने असतील’. ‘कालोस’ हे क्रियाविशेषण ज्या विशेषणापासून आले त्याचा अर्थ सुंदर आणि चांगला असा दुहेरी आहे, म्हणजे हुबेहूब आपला ‘चंग’! भाषांतरकारांनी जाणूनबुजून केले असेल असे मी म्हणत नाही. परंतु हिंदीत ‘चंगे’ आणि मराठीत ‘बरे’ लिहिताना त्यांच्या हातून जी जुळणी झाली तिच्याहून नेमकी जुळणी कोशात शोधून सापडली नसती. यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, की तो नुसता वाक्प्रचार आहे. असेना, जुने अर्थ वाक्प्रचारांतच तग धरून राहतात. दुसरा, की 9व्या ओवीपासून पुढचा हा भाग चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस यांत, नाही. बरोबर आहे, पण तो संहितेच्या अभ्यासकांचा वाद झाला, आणि भाग मागाहून जोडला असला तरी जोडणाऱ्याची भाषा ग्रीकच होती.

माझ्या मताला खरा धक्का यशयाच्या 53व्या अध्यायात बसतो, आणि तो कोणी देत नाही म्हणून मीच देतो. ज्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले असे तेथे म्हटले आहे, त्या सेवकाला रूप नव्हते, शोभा नव्हती, असे अवघ्या तीन ओव्या आधी सांगितले आहे. सौंदर्य बरे होणाऱ्याच्या वाट्याला येते, बरे करणाऱ्याच्या नाही. व्युत्पत्ती येथे थांबते.

परंतु प्रश्नातील ‘आध्यात्मिक’ हे विशेषण शिल्लक आहे, आणि त्याचे उत्तर आणखी एका क्रियापदात आहे. ‘सोझो’ या ग्रीक धातूचा अर्थ वाचवणे, तारणे आणि बरे करणे असा एकत्रच आहे. रक्तस्राव असलेल्या स्त्रीला येशू म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.’ लूकच्या 7व्या अध्यायात, जिला कोणताच आजार नाही, जी आपल्या पापांसाठी रडत त्याचे पाय आसवांनी भिजवते, तिला तो म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे.’ मराठीत ही दोन वाक्ये वाटतात. ग्रीकमध्ये ते शब्दशः एकच वाक्य आहे. याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला ‘वाचवील’ असे आपण वाचतो, तेथेही क्रियापद तेच आहे. एका धातूला मराठीने बरे करणे, तारणे आणि वाचवणे अशी तीन क्रियापदे दिली. यात भाषांतरकारांचा दोष नाही, कारण आपल्याकडे देहाचे आणि जिवाचे खाते एकत्र ठेवणारे क्रियापदच नाही. मात्र त्यामुळे लूकच्या 17व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मराठीत थोडी पुसट होते. दहाही जण ‘शुद्ध’ होतात. त्यांपैकी एक जण आपण बरे झालो आहोत हे पाहून परत फिरतो. आणि त्या एकट्याला ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे शब्द ऐकायला मिळतात. मूळ ग्रीकमध्ये शुद्ध होणे, बरे होणे आणि शेवटचे ‘सोझो’ ही तीन वेगळी क्रियापदे आहेत. मराठीत दुसरे आणि तिसरे दोन्ही ‘बरे’ झाल्याने, परत आलेल्याला इतर नऊ जणांपेक्षा अधिक काय मिळाले ते वाचकाला कळत नाही. ‘आध्यात्मिक चंगाई’ म्हणताना ज्या गोष्टीकडे बोट दाखवायचे असते, ती ही अधिकची गोष्ट आहे.

(रक्तस्राव असलेल्या त्या स्त्रीला उद्देशून पुढे जे म्हटले आहे त्यात ‘ह्युगिएस’ हे विशेषण येते, त्याला मराठीत ‘ठणठणीत’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. तडा न गेलेले मडके वाजवून पाहावे तसा तो वाजतो.)

‘मार्गदर्शन’ चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दर्शन घडवणारा बोटाने वाट दाखवून घरी जाऊ शकतो. 23व्या स्तोत्रातील मेंढपाळ तसे करत नाही. तो ‘नीतिमार्गांनी चालवतो’, म्हणजे स्वतः पुढे चालतो. आपल्या ‘पाळक’ या शब्दात हीच कल्पना आहे. मात्र ‘मार्ग’ हा शब्द टाकू नये, कारण ‘मागणे’ आणि ‘माग काढणे’ हे त्याच कुळातले आहेत. संस्कृतात या धातूचा अर्थ शोधणे असा होता. ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल, शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल’ या वचनातील मागणे आणि शोधणे मराठीच्या मुळाशी एकच होते, हे सभेत सांगायला हरकत नाही.

आता पत्रकाचे काय करायचे? ‘चंगाई’ ठेवली तरी चालेल. मंडळीतील लोकांना ती कळते आणि तिचे कुळ वर सांगितलेच आहे. केवळ ‘चंगाई केली’, ‘चंगाई वाटली’ अशी क्रियापदे तिला जोडू नयेत, कारण वर दिलेल्या दाखल्यांत येशू श्रेय विश्वासाला देतो आणि प्रार्थना करणाऱ्याने ते आपल्या नावे लिहून घेण्याचे कारण नाही. पण मला विचाराल तर त्याच 23व्या स्तोत्रात तयार शब्द आहेत: ‘तो माझा जीव ताजातवाना करतो.’ मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ परत आणणे असा आहे, आणि ‘ताजातवाना’ हा फारसीतून आलेला जोडशब्द आहे: ताजा म्हणजे टवटवीत, तवाना म्हणजे सशक्त. ज्यांना ‘चंगाई’ परकी वाटते त्या गृहस्थांना हा शब्द कसा चालतो, ते त्यांना अवश्य विचारावे.

अनुस्वार द्यावा. ‘चन्गाई’ लिहू नये. ‘ग’च्या आधीचे अनुनासिक ‘ङ’ असते, ‘न’ नव्हे.