लिबेटच्या प्रयोगाने इच्छास्वातंत्र्य खोटं ठरतं का?

तुम्ही विचारलंय, ‘आपल्याला कळायच्या आत मेंदूने निर्णय घेतलेला असतो हे प्रयोगाने दाखवलंय, मग मानसशास्त्रात नियतिवाद जिंकला ना?’ नियतिवाद म्हणजे आपली प्रत्येक कृती आधीच्या कारणांनी ठरलेली असते, हे मत. तुमचा रोख बहुधा मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटच्या १९८३च्या प्रयोगाकडे आहे. थोडक्यात उत्तर : नाही. त्या प्रयोगातून एवढं निघत नाही, आणि का निघत नाही ते त्याच्या मोजणीतच दडलंय.

डोक्याला ईईजीचे (मेंदूतली विद्युत हालचाल टिपणारे) इलेक्ट्रोड, हाताच्या स्नायूवर वेगळे. समोर घड्याळासारखी तबकडी, तिच्या कडेने प्रकाशाचा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारतो. आकडे नेहमीचेच, ५, १०, १५... पण इथला एक ‘सेकंद’ म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद. सूचना अशी : वाटेल तेव्हा मनगट झटका, आणि ‘आता झटकावं’ असं मनात आलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते नंतर सांगा.

स्नायू हलण्याच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधीपासून मेंदूतला ‘रेडिनेस पोटेन्शियल’ हा विद्युत चढ दिसू लागला. इच्छा जाणवल्याची वेळ मात्र लोकांनी सुमारे २०० मिलिसेकंद आधीची सांगितली. मधल्या ३५० मिलिसेकंदांवर हा सगळा वाद उभा आहे.

गोम इथे आहे. एका झटक्याच्या ईईजीत हा चढ दिसतच नाही, गोंगाटात बुडून जातो. म्हणून ४० झटके घ्यायचे, स्नायू हलला तो क्षण शून्य धरायचा आणि मागे मागे जात सरासरी काढायची. म्हणजे ज्यांच्या शेवटी हालचाल झाली तेवढेच तुकडे हिशेबात आले. पाऊस पडला त्याच दिवसांचं तासभर आधीचं आभाळ पाहिलंत तर ढग बहुतेकदा दिसणारच. ढग येऊन कोरडे गेलेले दिवस तुम्ही मोजलेच नाहीत! २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं. मेंदूतली पातळी आपसूक वरखाली होत असते, ती उंबरठा ओलांडते तेव्हा हात हलतो. उलट्या सरासरीत तोच चढ ‘आधीच झालेल्या निर्णया’सारखा दिसतो. मला हे स्पष्टीकरण लिबेटच्या स्पष्टीकरणापेक्षा बरंच पटतं.

ते २०० मिलिसेकंदही डळमळीत आहेत. २००९ च्या एका प्रयोगात बटण दाबल्यानंतर किंचित उशिरा बीप वाजवली, तर लोकांनी सांगितलेली इच्छेची वेळही पुढे सरकली. म्हणजे ती वेळ नंतरच्या घटनांवरूनही ठरते. सरळ आत डोकावून घेतलेली नोंद नाही.

खुद्द लिबेटने इच्छास्वातंत्र्य नाकारलं नव्हतं, हे बरेचजण विसरतात. शेवटच्या क्षणी हालचाल रोखता येते, असं त्याचं म्हणणं होतं. २०१६ मध्ये बर्लिनच्या गटाने ते तपासलं : मेंदूत चढ दिसला की संगणक थांबण्याचा दिवा लावणार. हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीपर्यंत लोक थांबू शकले, त्यानंतर नाही.

२००८ चा एफएमआरआयचा (मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून त्याची हालचाल पाहणारा) प्रयोगही हमखास पुढे केला जातो : डावं बटण की उजवं, ते कित्येक सेकंद आधी ओळखता आलं म्हणे. अचूकता होती ६० टक्क्यांच्या आसपास, आणि नाणं उडवून ५० मिळतात.

शिवाय मनगट कधी झटकायचं याला निर्णय तरी का म्हणायचं? काही कारणच नाही त्याला. २०१९ मध्ये उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन संस्थांपैकी कुणाला देणगी द्यायची ते ठरवायला लावलं. दोघींना सारखीच रक्कम मिळणार असेल, म्हणजे निवडीला अर्थच नसेल, तेव्हा चढ दिसला. निवडीवर खरे पैसे अवलंबून होते तेव्हा तो जवळपास गायब.

मात्र यावरून इच्छास्वातंत्र्य सिद्ध झालं असंही समजू नका. चढ दिसला नाही तरी ती निवड मेंदूनेच केली, आणि आपसूक वरखाली होणारी पातळी उंबरठा ओलांडते याला ‘स्वातंत्र्य’ म्हणायला नियतिवादी कशाला तयार होईल?