कान कोरताना काडी लागून पडदा फाटला. ऑपरेशन करावंच लागेल का?

बहुतेक वेळा नाही. इजेने पडलेलं भोक दहापैकी आठ-नऊ जणांचं 3 महिन्यांत आपोआप बुजतं, लहान असेल तर 4 ते 6 आठवड्यांतही. पडद्याचा बाहेरचा थर कडेने वाढत भोकावर येतो, मधला मागाहून भरतो, कधी भरतच नाही, म्हणून बुजलेली जागा पातळ राहते. निम्म्याहून जास्त पडदा गेला असेल किंवा वेल्डिंगच्या ठिणगीने जळला असेल तर काम रेंगाळतं. पण नीट चाललेलं बिघडवतं ते पाणी आणि त्यातून होणारा संसर्ग. आंघोळीला व्हॅसलिन चोळलेला कापसाचा बोळा कानात ठेवा, बाकी वेळ कान उघडा. तलावातलं पोहणं बंद. पावसात गाडीवर हेल्मेटखालीही बोळा हवा. नाक जोरात शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या. कोमट तेल, लसूण, घरात पडलेले जुने ड्रॉप्स अजिबात नकोत: जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं भोकातून आत गेली तर आतल्या कानाला इजा करू शकतात. कान कोरडा असेल तर अँटिबायोटिकही सहसा लागत नाही. मात्र गरगरत असेल, चेहरा एका बाजूला वाकडा वाटत असेल, पाण्यासारखा स्राव येत असेल किंवा ऐकू येणं एकदम खूप कमी झालं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. काडी आतल्या हाडांपर्यंत पोचलेली असू शकते. एरवी आत्ता एकदा तपासणी आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची चाचणी. 3 महिन्यांनी भोक तसंच असेल तर टिंपॅनोप्लास्टीचा, म्हणजे पडदा दुरुस्त करायच्या ऑपरेशनचा विचार.