गॅस्केट आणि इंटिग्रिन: ऐरोलीच्या एका वडिलांना उत्तर

पत्र थोडक्यात असं आहे: "मी टीटीसी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्स सुपरवायझर आहे. मुलगी ठाण्यात टीवायबीएस्सी बायोटेक्नॉलॉजीला. गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला डेंग्यू झाला. ताप उतरला म्हणून आम्ही निश्चिंत झालो आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी तिला आयसीयूत हलवलं. आई बरी झाली, पण 'ताप उतरल्यावर का?' हा प्रश्न मुलीच्या डोक्यात बसला. आता म्हणते, रक्तवाहिनीच्या पेशी एकमेकींना कशा धरून राहतात यावर पीएचडी करायची. नातेवाईक म्हणतात, माइंडस्पेस या इथल्या आयटी पार्कमध्ये औषध कंपन्यांचं डेटाचं काम मिळतं, ते घे. घराचे हप्ते चालू आहेत, धाकटा अकरावीत आहे. पेशींच्या चिकटण्यावर माणूस आयुष्य काढतो का? पोट भरतं का?"

नमस्कार.

तुमचा पहिला प्रश्न खरं तर तुमच्याच धंद्यातला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. लाइन कितीही जाड पत्र्याची असली तरी गळते कुठे? फ्लँजला, जोडावर. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. फरशा शेजारी शेजारी बसवाव्यात तशा या पेशी बसलेल्या असतात आणि दोन पेशींमधला सांधा व्हीई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं. एका पेशीतून निघालेलं कॅडहेरिन शेजारणीच्या कॅडहेरिनला धरतं आणि या पकडीला कॅल्शियम लागतं. हीच पेशी खालच्या धाग्यांच्या जाळीला ज्या हातांनी धरते, ते इंटिग्रिन. माणसात त्याचे 24 प्रकार आहेत.

आता तुमच्या आईंचं. डेंग्यूत सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. पण जिवावर बेततं ते बहुतेकदा सांधे सैल झाल्यामुळे. विषाणूचं एनएस1 हे प्रथिन आणि शरीराची स्वतःची भडकलेली प्रतिक्रिया, या दोन्हींमुळे अस्तर गळकं होतं. रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वाहिनीबाहेर पोटात आणि छातीत झिरपतं. मागे उरलेलं रक्त दाट होतं, हेमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) चढतो, रक्तदाब कोसळू शकतो. हे घडण्याची वेळ नेमकी ताप उतरतानाची असते. त्या संध्याकाळी डॉक्टर गळतीकडे बघत होते. तुमच्या लेकीने बरोबर जागी बोट ठेवलंय, आणि हे मी तिला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

गॅस्केटची उपमा इथवर चालते, पुढे तुटते. गॅस्केटला काही कळत नाही. या प्रथिनांना कळतं. म्हणून तर त्यांना नुसता डिंक न म्हणता रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारं प्रथिन, म्हणतात. जखमेजवळ पांढऱ्या पेशी वाहिनीबाहेर पडतात, तेव्हा सिलेक्टिन हे चिकटणारं प्रथिन त्यांचा वेग कमी करतं, इंटिग्रिन त्यांना थांबवतं, मग अस्तराचा सांधा किलकिला होतो, पेशी सरकून पलीकडे जाते आणि सांधा मागे मिटतो. प्लँट चालू असताना फ्लँज उघडून बंद करण्यासारखं हे आहे, तेही थेंब न सांडता. प्लेटलेटवरचं इंटिग्रिन एरवी वाकून, मिटून बसलेलं असतं. आतून संदेश आला, टॅलिन नावाचं प्रथिन त्याच्या शेपटीला जोडलं गेलं, की ते ताठ होतं आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन पकडतं. संदेश आतून बाहेर जातो, तसा बाहेरून आतही येतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला पटेल. लाइनमध्ये गाळ कुठे बसतो? जिथे प्रवाह मंदावतो, भोवरे होतात. धमन्यांत चरबीचे थर बहुधा वळणांवर आणि फाट्यांवरच धरतात, मानेतली मोठी धमनी दुभंगते तिथे तर हमखास. कारण मात्र नुसता गाळ खाली बसणं हे नाही. प्रवाहाची दिशा आणि जोर अस्तराच्या पेशींना जाणवतो. पीकॅम-1, व्हीई-कॅडहेरिन आणि एक वाढ-रिसेप्टर मिळून ही जाणीव आत पोचवतात, हे 2005 मध्ये दाखवलं गेलं. प्रवाह बिघडला की त्या जागची पेशी स्वतःच वागणूक बदलते आणि पांढऱ्या पेशींना धरू लागते.

तर 'चिकटण्यावर आयुष्य' हा विषय अरुंद नाही. त्यात हृदयविकार आहे, कर्करोगाचं पसरणं आहे, डेंग्यू आहे. प्लेटलेटची संख्या ठीक, पण त्यांच्यावरचं इंटिग्रिनच नाही किंवा बिघडलेलं, म्हणून रक्त न थांबणारी मुलंही आहेत. हा आजार ग्लान्झमान यांनी 1918 मध्ये नोंदवला. आपल्याकडे परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविज्ञानाची संस्था आहे, तिथे अशा आजारांवर काम चालतं. वैद्यकीय संशोधनासाठीचा 2022 चा लास्कर पुरस्कार इंटिग्रिनच्याच शोधासाठी हाइन्स, रुओस्लाहती आणि स्प्रिंगर यांना मिळाला.

औषधंही आहेत. अँजिओप्लास्टीत गुठळी होऊ नये म्हणून प्लेटलेटचं इंटिग्रिन अडवणारं अ‍ॅब्सिक्सिमॅब अमेरिकेत 1994 मध्ये मंजूर झालं. त्याचं भारतीय रूप बाजारात आणणारी रिलायन्स लाइफ सायन्सेस ही कंपनी रबाळ्यात आहे, ऐरोलीहून एक स्टेशन पुढे.

पण ठेच लागल्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती लेकीला जरूर वाचून दाखवा. एक इंटिग्रिन अडवलं तर कर्करोगाच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत, असं 1994 च्या सुमाराला प्राण्यांत दिसलं. मोठी आशा निर्माण झाली. 2002 मध्ये तेच इंटिग्रिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या गाठींत रक्तवाहिन्या उलट जास्त! आणि त्यावर बेतलेलं सिलेंगिटाइड हे औषध मेंदूच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत 2014 पर्यंत अपयशी ठरलं. कितीतरी लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत त्यात होती. संशोधनात असे दिवस येतात, आणि ते आल्यावर तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा पेशींचं माध्यम (त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रावण) बदलायला लॅबमध्ये जावंसं वाटेल का, हे महत्त्वाचं आहे. विषय आवडणं वेगळं, ते रोजचं काम आवडणं वेगळं. पेशींना रविवार नसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आज पीएचडीचं ठरवू नका, आज एमएस्सीचं ठरवा. आणि इंटिग्रिनचा हट्ट एमएस्सीला नको. पेशी वाढवणं, सूक्ष्मदर्शकावर चित्रं घेणं, फ्लो सायटोमेट्री (यंत्रातून एकेक पेशी मोजणं-तपासणं), थोडं संख्याशास्त्र आणि कोडिंग, हे हातात आलं की रेणू कुठलाही घेता येतो. माझ्याकडे एक मुलगा आला होता. रेणू पाहून त्याने प्रयोगशाळा निवडली, मार्गदर्शकाला वेळ नव्हता आणि दीड वर्ष वाया गेलं. नंतर दुसऱ्या विषयात, नीट शिकवणाऱ्या बाईंकडे, त्याचं उत्तम झालं. हे पालकांना सांगताना मला नेहमी तळमळ होते, कारण मुलं आधी विषयाचं नाव बघतात आणि माणूस शेवटी.

वाटा अशा: जॅम या एमएस्सी प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर दिला तर आयआयटी मुंबईची एमएस्सी आहे, तिथे पेशी आणि यांत्रिक ताण यांवरही काम होतं. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची गॅट-बी ही प्रवेश परीक्षा आहे. हे जमलं नाही तर मुंबई विद्यापीठ. खासगी विद्यापीठाच्या एमएस्सीसाठी कर्ज काढू नका, परदेशासाठी तर आत्ता मुळीच नाही. एमएस्सीचा प्रबंध करायला खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र. ऐरोलीहून ठाणे-पनवेल लोकलने थेट जाता येतं, राहण्याचा खर्च वाचतो. तिथे विषय कर्करोगाचा, पण कर्करोगाची पेशी पसरते तीही सांधे सोडून आणि रक्तवाहिनीचं अस्तर ओलांडूनच. पुण्याचं एनसीसीएस, म्हणजे पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, हाही चांगला पर्याय.

पैशाचं. एमएस्सीची दोन वर्षं घरूनच खर्च, हे धरून चाला. त्यानंतर सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, शिवाय घरभाडं. हे दर 2023 पासूनचे. पीएचडीला साधारण पाच-सहा वर्षं लागतात, आणि कधीकधी शिष्यवृत्तीचे पैसे महिनोन् महिने उशिरा येतात. म्हणजे ती अठ्ठावीस-एकोणतीसची होईपर्यंत तुमच्यावर भार नसेल, पण तुमच्या हप्त्यांना तिचा मोठा हातभारही नसेल. त्यानंतरही कायमची जागा लगेच मिळत नाही. हे कागदावर मांडा, धाकट्याच्या फीसकट, आणि तिला शेजारी बसवून मांडा. आकडे जमत नसतील तर एमएस्सीनंतर दोन-तीन वर्षं रबाळे-महापे पट्ट्यात क्वालिटी कंट्रोल किंवा बायोसिमिलरच्या (मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती औषधं बनवणाऱ्या) कंपनीत नोकरी करून मग पीएचडीला जाणं हा पूर्ण सन्मानाचा मार्ग आहे. नातेवाईक म्हणतात ती डेटाची नोकरीही वाईट नाही. फक्त ती बीएस्सीवर घेतली तर पगाराची सवय लागते आणि परतणं कठीण होतं. मी पाहिलेल्या मुलांत परतलेली फार थोडी.

शेवटचं एक काम तुमच्याकडे. वर्कशॉपमधली एखादी काढून टाकलेली गॅस्केट घरी आणा आणि तिला विचारा, "आमची गॅस्केट आणि तुझं कॅडहेरिन यांत फरक काय?" मी वर दोनच सांगितले, ती आणखी सांगू शकेल. तुम्हाला समजेल अशा मराठीत ती अर्धा तास बोलली आणि तुमच्या उलट प्रश्नांना "हे मला माहीत नाही, बघून सांगते" असंही म्हणाली, तर तिला जाऊ द्या. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात. तो तिचा तिला भरू द्या.