बीपीच्या गोळीने क्रिएटिनिन वाढले, म्हणून ती थांबवावी का?

प्रश्न : माझे यजमान 61 वर्षांचे असून त्यांना पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याने डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची गोळी सुरू केली. तेव्हा क्रिएटिनिन 1.6 होते, तीन आठवड्यांनी ते 1.9 आले, पोटॅशियम 4.9 आहे. तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या एका स्नेह्यांनी ‘या गोळीनेच किडनी जाते, त्यापेक्षा अ‍ॅम्लोडिपिन घ्या’ असे सांगितल्यापासून यजमानांनी ती गोळी परस्पर बंद केली आहे. त्यांचे बरोबर आहे का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत आपण डॉक्टरांना भेटला असाल, अशी आशा आहे. भेट झाली नसल्यास गोळी बंद केल्याचे त्यांना आधी कळवावे, कारण आपण दिलेल्या आकड्यांवरून तरी ती थांबवण्याचे कारण दिसत नाही. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ. त्याची 1.6 वरून 1.9 ही वाढ सुमारे 19 टक्क्यांची आहे. हे औषध सुरू केल्यावर पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढले, तरी औषध चालू ठेवून तपासणी करत राहावे, असेच मूत्रपिंडविकारांसंबंधीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

ही वाढ का होते, हे समजले की भीती बरीचशी ओसरते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक व बाहेर नेणारी एक अशा दोन बारीक रक्तवाहिन्या असतात. अँजिओटेन्सिन नावाचे द्रव्य बाहेर नेणारी वाहिनी आवळून धरते, त्यामुळे गाळणीतला दाब वाढतो. मधुमेहात हा दाब वर्षानुवर्षे चढा राहिल्याने गाळणीचा पडदा खराब होतो आणि त्यातून प्रथिने निसटू लागतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारखी औषधे ही बाहेरची वाहिनी सैल करतात. आतला दाब उतरला की गाळले जाणारे रक्तही थोडे कमी होते आणि तेवढे क्रिएटिनिन रक्तात वाढलेले दिसते. म्हणजे रिपोर्टमध्ये ज्या आकड्याने आपल्याला धास्ती वाटली, तो बहुधा औषध लागू पडत असल्याचाच परिणाम आहे. (या औषधांपैकी आरंभीचे कॅप्टोप्रिल हे ब्राझीलमधल्या जराराका जातीच्या सापाच्या विषावरील संशोधनातून पुढे आले, टेकडीवरच्या मंडळींना हे कळले, तर आणखी एक चर्चा सुरू होईल.)

आता अ‍ॅम्लोडिपिनविषयी. ते चांगले औषध आहे आणि रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर टेल्मिसार्टनच्या जोडीला ते अनेकदा दिलेही जाते. पण लघवीतून प्रथिने जात असताना ते त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ते मुख्यतः रक्त आणणारी वाहिनी रुंद करते, त्यामुळे गाळणीतला दाब तसा उतरत नाही. टाइप 2 मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या 1715 रुग्णांवर झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेल्मिसार्टनच्याच गटातले इर्बेसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन यांची तुलना झाली. दोन्ही गटांत रक्तदाब जवळपास सारखाच उतरला, तरीही मूत्रपिंडाचा ऱ्हास इर्बेसार्टन घेणाऱ्यांमध्ये स्पष्टपणे कमी होता. त्याच वर्षीच्या लोसार्टनच्या चाचणीत मूत्रपिंड निकामी होण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचण्याची जोखीम 28 टक्क्यांनी घटली. झालेले नुकसान ही औषधे भरून काढत नाहीत, पुढचा ऱ्हास मात्र मंदावतात. डायलिसिस काही वर्षे लांबणे ही छोटी गोष्ट नव्हे.

मात्र या गोळीवर लक्ष ठेवावेच लागते. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे. क्रिएटिनिनची वाढ 30 टक्क्यांहून अधिक असेल, म्हणजे यजमानांच्या बाबतीत ते 2.1 च्या वर जाऊ लागेल, तर मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली आहे का, शरीरात पाणी कमी पडते आहे का, याचा शोध डॉक्टर घेतील. जुलाब-उलट्या होत असतील त्या दिवसांत गोळी तात्पुरती थांबवावी का, हे डॉक्टरांना आताच विचारून ठेवावे. ऐन वेळी घरात गोंधळ होतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्यांनी या रुग्णांचे मूत्रपिंड अचानक बिघडू शकते, आणि तळजाईवरच्या स्नेह्यांनी खरे तर याबद्दल सावध करायला हवे होते.

जेवणाविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. मीठ जास्त असेल तर या गोळीचा प्रथिने रोखण्याचा गुण मंदावतो. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरे, आणि त्यातच पापड, लोणचे, फरसाण, बाकरवडी हे सगळे धरायचे. त्यावर उपाय म्हणून ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नये. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते आणि या गोळीने रक्तातले पोटॅशियम वाढू शकत असल्याने तिच्याबरोबर ते धोक्याचे ठरू शकते. सैंधवही शेवटी मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. फिरून येताना रोज शहाळे घेण्याची सवय असेल, तर त्यातही पोटॅशियम भरपूर असल्याचे ध्यानात ठेवून डॉक्टरांना विचारावे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहावरची गोळी यजमानांना योग्य ठरेल का, हेही त्याच भेटीत विचारावे. या गोळ्याही मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात आणि टेल्मिसार्टनबरोबर दिल्या जातात.

प्रश्न : वडिलांचे क्रिएटिनिन 3.4 आहे. आता किडनी एवढी कमजोर झाल्यावर रॅमिप्रिल बंद केलेले बरे, असे नातेवाईक म्हणतात. शिवाय, रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन अशा दोन गोळ्या घेतल्या तर दुप्पट फायदा होईल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : ब्रिटनमध्ये प्रगत मूत्रपिंडविकाराच्या 411 रुग्णांवर नेमका आपला पहिला प्रश्न तपासला गेला. 2022 साली आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांनंतर औषध थांबवणाऱ्यांचे मूत्रपिंड चालू ठेवणाऱ्यांपेक्षा चांगले राहिले नव्हते. त्यामुळे केवळ क्रिएटिनिनचा आकडा मोठा आहे म्हणून गोळी सोडू नये. पोटॅशियम आवाक्याबाहेर जाणे, रक्तदाब फार उतरून चक्कर येणे, ही थांबवण्याची किंवा मात्रा घटवण्याची कारणे असतात आणि तो निर्णय डॉक्टरांचा. कोरडा खोकला त्रास देत असेल तर गोळीचा गट बदलता येतो. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र घेण्याचा प्रयोग मात्र करू नये. 2008 सालच्या एका मोठ्या चाचणीत या जोडीने हृदयविकारासाठी अधिक फायदा झाला नाही, उलट मूत्रपिंडाला अपाय वाढला.