री ओढली, की तडीस नेलं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: केंद्रात दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं आणि आधीचंच धोरण चालू राहिलं, तर पेपरवाले कधी 'री ओढली' लिहितात, कधी 'कित्ता गिरवला', कधी 'पुढे नेलं'. हे सगळं एकच का?

मुळीच नाही. 'री ओढणे' कळायला आमच्या भागातल्या कुठल्याही देवळात एकादशीच्या भजनाला बसावं. बुवा चरण म्हणतात, मागचे टाळकरी तोच सूर लांबवत धरतात. पदरचा शब्द घालायची सोय नाही. म्हणून सरकारला हा वाक्प्रचार लावला की तो टोमणाच होतो. 'कित्ता गिरवणे' जरा सौम्य. समोरच्या वळणदार अक्षरावरून हात फिरवायचा. पण त्यात आधीच्याला गुरू मानल्याची कबुली आहे, आणि ती कुठला पक्ष देतोय!

जीएसटीचंच बघा. घटनादुरुस्तीचं विधेयक यूपीए सरकारनं 2011 मध्ये मांडलं. तेव्हा हरकती घेणाऱ्यांत भाजपचंच गुजरात सरकार होतं. लोकसभेची मुदत संपली, विधेयक बारगळलं. मग भाजपच्या सरकारनं डिसेंबर 2014 मध्ये नवं आणलं आणि 1 जुलै 2017 पासून कर लागू झाला. इथे 'री ओढली' साफ चूक. 'तडीस नेलं' म्हणा. हरकतींचा इतिहास ठाऊक असलेला वाचक गालात हसेल, तेवढं पुरे.

इंदिरा आवास या खेड्यातल्या घरकुल योजनेची 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास झाली, तिथे 'नुसती पाटी बदलली' म्हणायचा मोह होतो. पण सपाट भागातलं अनुदान 70 हजारांवरून 1 लाख 20 हजार झालं, म्हणजे पाटीमागंही काही हललं. आणि नियोजन आयोग जाऊन 1 जानेवारी 2015 ला नीती आयोग आला, तो सरळ 'बदल'.

पाटी बदलणं म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं सांगायला नको. बेळगावच्या नामांतराचा प्रस्ताव 2006 चा. बेंगळुरूत पक्ष बदलत गेले, दिल्लीतही बदलला, तरी 1 नोव्हेंबर 2014 ला 'बेळगावी' झालंच. याला मराठीत 'पाठपुरावा' हा नेमका शब्द आहे. नको असलेल्या गोष्टीलाही तो लागू पडतो. बाजारात मात्र अजून कुणी विचारलं, "कुठनं आलासा?" तर उत्तर "बेळगावास्नं" असंच येतं.

तुमच्या बातमीत बाजू घ्यायची नसेल, तर साधं 'चालू ठेवलं' लिहा.